निबंध स्पर्धेचे ६३ कागद आणि एक लाल गोल

खडू_फळा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, सल्ला हवाय. थोडं मन मोकळंही करायचंय, त्यामुळे लांबण लागणार आहे.

परळमधल्या एका जुन्या वाचनालयानं नववी-दहावीच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा ठेवली. विषय चार: मुंबईचा इतिहास, मुंबईतलं साहित्य, मुंबईतले खेळ, मुंबईतल्या कला. मर्यादा पाचशे शब्द. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा "मॅडम, तुम्हाला वेळ असेलच" म्हणत गठ्ठा माझ्या घरी आला. दुसरे परीक्षक माझ्याहून ज्येष्ठ. व्याकरणाचे पक्के, माणूस सज्जन, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्यांना चहा गोड लागत नाही.

एकूण ६३ निबंध. त्यात खेळावर २६, आणि त्या २६ पैकी २१ सचिनवर. त्या २१ मधल्या निम्म्याअधिक जणांनी "२४ एप्रिल १९७३ रोजी मुंबईच्या क्षितिजावर एका तेजस्वी ताऱ्याचा उदय झाला" इथून सुरुवात केलीय. आठव्या ताऱ्यानंतर मी खिडकी उघडली. इतिहासाचे १७, त्यातले बरेचसे "पूर्वी मुंबई सात बेटांची होती" या वाक्यानं उघडतात आणि "मुंबई कधीच झोपत नाही" या वाक्यानं मिटतात. साहित्याचे नऊ. सगळ्या साहित्यिकांचं योगदान अतुलनीय. कलांचे ११, त्यात दादासाहेब फाळक्यांवर एक अतिशय सुबक निबंध, ज्यात 'राजा हरिश्चंद्र'मधली गाणी सुमधुर होती असं लिहिलंय. १९१३ चा मूकपट! सरांनी त्या वाक्याखाली काही केलं नाही, कारण वाक्य शुद्ध होतं.

आता मुद्दा. सध्या पहिला नंबर चाललाय संयुक्त महाराष्ट्रावरच्या एका निबंधाचा. अक्षर मोत्यासारखं, चूक एकही नाही, ५० पैकी ४४. आणि एक आहे नववीतल्या मुलाचा, त्याला ३१. त्यातला तुकडा चुका जशाच्या तशा ठेवून उतरवते:

"माझे आजोबा गिरनीत साचे चालवायचे. त्यांचा तिकिट नंबर १८३४ होता. तो त्यांना आजुन पाठ आहे पण माझा वाडदिवस पाठ नाही. ते रोज पावनेसातला चप्पल घालुन दारात बसतात. आई म्हणते बाबा कुठे जायचय. ते म्हणतात कुठेच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सूरु झाला. संप आजुन मिटलेला नाही."

शेवटच्या वाक्याभोवती लाल गोल. तो मीच काढलाय, सरांनी नाही. शेजारी लिहिलं, "वस्तुस्थितीची चूक", आणि दोन गुण कापले. चाळीस वर्षं उलटून गेली, संप कसा चालू असेल?

गठ्ठा बांधून ठेवलाय, पण तो मुलगा काही डोक्यातून जात नाही. पुढच्या रविवारी बक्षीस समारंभ आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

टाचणी | शनिवार, रात्री ११.५८

कटू बोलते. ३१ बरोबर आहेत.

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. "भाव किती खरा आहे बघा" म्हणत आपण या मुलांच्या चुका सोडून देतो आणि मग हीच मुलं पुढं नोकरीचा अर्ज लिहितात. तिथं समोरचा माणूस भाव बघत नाही, 'गिरनी' बघतो आणि कागद बाजूला सारतो. ज्या घरात दुसरं कुणी लिहून देणारं नाही, त्या मुलाला तरी शुद्ध लिहायला शिकवा. ती दया नव्हे, तो त्याचा हक्क आहे.

काडीपेटी | रविवार, रात्री १२.०५

४४ वाला एआयनं लिहिलाय. पैज.

मधली_सुट्टी | रविवार, रात्री १२.२०

किंवा आईनं. इथं टोपणनाव आहे म्हणून कबूल करते. मुलगी सातवीत असताना 'माझा आवडता खेळाडू' मीच लिहिला होता. वर्गात वाचून दाखवला गेला, टाळ्या पडल्या. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, तुला बक्षीस मिळालं." त्यानंतर एक ओळ लिहून दिली नाही. आता ती जे लिहिते ते भयंकर असतं, पण तिचं असतं.

थर्ड_मॅन | रविवार, सकाळी ८.१०

२१ सचिन! अहो, पण त्यात मुलांचा दोष काय? विषय देताना आपणच 'आवडता खेळाडू' असा देतो आणि गाइडात त्याचं एकच उत्तर असतं.

मला विचाराल तर सचिनवरही लिहावं, फक्त आकाशातून खाली उतरून. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्यानं आणि कांबळीनं ६६४ ची भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे आकडे सगळ्या निबंधांत सापडतील. पण ते आझाद मैदानावर घडलं आणि ते मैदान आजही तिथंच आहे, हे किती जणांनी लिहिलंय? परळच्या मुलाला तिथं पोचायला अर्धा तास लागतो. रविवारी सकाळी जाऊन उभं राहा. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँग ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो, तिसऱ्या सामन्यातला चेंडू यांच्या पायांतून जातो आणि तिन्हीकडची पोरं एकदम "बॉल!" म्हणून ओरडतात. ते बघून आलेला मुलगा 'तेजस्वी तारा' लिहूच शकत नाही.

आणि पळवणकर बाळू कुणाच्या निबंधात आहे का हो?

खडू_फळा | रविवार, सकाळी ९.०२

थर्ड_मॅन, आत्ता परत गठ्ठा सोडला. बाळू एकाही निबंधात नाही. खरं सांगायचं तर मलाही नावापलीकडे फार माहीत नाही. लिहा ना.

थर्ड_मॅन | रविवार, सकाळी १०.३५

लिहितो. पोहे आटपले.

चर्मकार कुटुंबातला मुलगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचं, जाळं लावायचं काम करायचा. तिथं साहेब लोकांना सरावाला गोलंदाजी करता करता डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज तासन् तास त्याच्यासमोर सराव करायचा. नंतर बाळू मुंबईत आला आणि हिंदूंच्या संघातून खेळू लागला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात त्याचा मोठा वाटा. मैदानात हेच हिंदू सहकारी त्याच्या हातचा चेंडू घ्यायचे, पण सुरुवातीच्या काळात चहाला त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते पुढं १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, आणि तेही काही सहजासहजी नव्हे.

शेवटचं वळण तर कादंबरीकारालाही सुचणार नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं उभा केलेला उमेदवार हाच बाळू. पडला.

यात खेळ आहे, इतिहास आहे, जात आहे, राजकारण आहे. तुमच्या चारही विषयांत बसेल, आणि गाइडात नाही म्हणून कुणी लिहिणार नाही.

वडापाव_विथ_चटणी | रविवार, सकाळी १०.५०

+१. थर्ड_मॅन, यावर स्वतंत्र धागा काढा. इथं हरवेल.

एशियाटिकचा_उंदीर | रविवार, दुपारी १.१५

धागाकर्तीच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी जुना कागद काढतो, माझी खोड आहे.

मुंबईत विद्यार्थ्यांनी निबंध लिहून सभेत वाचायचा प्रकार १८४८ पासूनचा आहे. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतल्या तरुणांनी प्रा. पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. त्यात दादाभाई नौरोजी होते. मराठी आणि गुजरातीसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. पोरं निबंध वाचायची, त्यावर वाद घालायची. आता गंमत पाहा, नुसते वाचून टाळ्या घेऊन घरी नाही गेली. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला स्वतःच जाऊन शिकवलं. जगन्नाथ शंकरशेटांनी जागेची मदत केली. निबंधाचा शेवट कृतीत व्हायचा तो काळ. आमचा शेवट "म्हणूनच म्हणावेसे वाटते की" या शब्दांत होतो.

दुसरा कागद. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध छापून आला, 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. लिहिणारी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता, वय चौदाच्या आसपास, म्हणजे आपल्या नववीतलीच. तिनं कुठल्या थोर पुरुषाचं चरित्र लिहिलं नाही. आपल्या लोकांचं आज काय चाललंय ते लिहिलं, आणि धर्माच्या नावानं ज्यांनी हे चालवलंय त्यांना तोंडावर प्रश्न विचारले. आज मराठीतल्या स्त्रियांच्या आणि दलितांच्या लेखनाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस या शाळकरी निबंधाला वळसा घालून जाऊ शकत नाही.

टाचणीताईंना नम्र प्रश्न: त्या निबंधाला शुद्धलेखनाचे किती गुण दिले असते?

टाचणी | रविवार, दुपारी १.४०

पूर्ण. कारण आपण आज ज्या नियमांनी मोजतो ते साहित्य महामंडळाचे, शासनानं स्वीकारले १९६२ ला. १८५५ च्या मुलीला १९६२ च्या पट्टीनं मोजायला मी काही इतकी वेडी नाही. पण आजच्या मुलाची परीक्षा आजची आहे, उंदीरभाऊ. आणि मुक्ताला शिकवणाऱ्यांनी "भाव खरा आहे, राहू दे" म्हणून तिला सोडलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. घासून घेतलं असणार.

एशियाटिकचा_उंदीर | रविवार, दुपारी १.४४

हे मान्य. टोपी काढली.

साचेवाला_ज्युनिअर | रविवार, दुपारी ४.२०

इथं एरवी फक्त वाचतो. आज खास लॉगिन झालो.

खडू_फळा मॅडम, तो लाल गोल पुसा. पोरगं बरोबर आहे.

१९८२ चा गिरणी संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा आजवर झालेली नाही. संपाचे नेते दत्ता सामंत यांनी ती केली नाही, आणि १९९७ च्या जानेवारीत त्यांचा खून झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर होता. कुणी वर्षानं आत गेलं, कुणी दीड वर्षानं, कुणाला आत घेतलंच नाही, कुणी गावाला गेला तो गेलाच. संप विरत गेला. पण "संप मिटला" असं कुणी कधी म्हटलं नाही. आमच्या चाळीत म्हातारी माणसं हेच वाक्य बोलतात, अगदी याच शब्दांत. कुणी विचारलं, "काय बाबा, संप कधी मिटला?" की उत्तर ठरलेलं, "मिटलाय कुठं!" पोरानं ते आजोबांच्या तोंडचं उचललंय.

माझे वडील त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. मुळात भांडण काय होतं तेही आता कुणाला ठाऊक नसतं. सगळ्यांना वाटतं फक्त बोनस आणि पगार. त्याच्या मुळाशी १९४६ चा बीआयआर, म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा होता. त्या कायद्यानं एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, मालक बोलणार फक्त तिच्याशी. कामगाराचा विश्वास उडाला तरी करार तीच करणार. म्हणून माणसं सामंतांच्या दारात गेली. वडील सांगायचे, आम्ही पगारासाठी नाही गेलो, आमच्या वतीनं दुसऱ्यानं सही करायची नाही म्हणून गेलो.

आणि बदली कामगार. ते रोज पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर आत. नाहीतर परत खोलीवर. त्या पोराचे आजोबा पावणेसातला चप्पल घालून का बसतात, कळलं का? पहिली पाळी सातची.

मधली_सुट्टी | रविवार, दुपारी ४.३१

वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

खडू_फळा | रविवार, सायंकाळी ५.१०

साचेवाला_ज्युनिअर, हात जोडते.

मी लालबागेत वाढले. आमच्या मजल्यावर तीन घरं गिरणीची होती. भोंग्यावर घड्याळ लावलंय. आणि तरीही मी ते वाक्य 'चूक' म्हणून गोल केलं, कारण माझ्या डोक्यात संप म्हणजे पुस्तकातली एक तारीख होऊन बसलाय, सुरू झाला आणि संपला. नववीतल्या पोराला जे माहीत आहे ते मला माहीत असायला हवं होतं.

दोन गुण परत. पण तरी ३३ च होतात. सरांशी बोलावं लागेल.

काडीपेटी | रविवार, सायंकाळी ५.२५

४४ वाल्याचं काय? हुतात्म्यांचा आकडा किती लिहिलाय बघा हो.

खडू_फळा | रविवार, सायंकाळी ५.५०

बघितला. दुसऱ्या परिच्छेदात १०५. शेवटच्या परिच्छेदात १०६. दोन्हीकडे अक्षर सुंदर. आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलं.

चाळ_क्र_९ | रविवार, सायंकाळी ६.०४

१०५ च बरोबर. आमच्या लहानपणी सगळीकडे १०५ च होतं.

हुतात्मा_चौक_लोकल | रविवार, सायंकाळी ६.११

लहानपणीचं सोडा. १०६ आहे.

चाळ_क्र_९ | रविवार, सायंकाळी ६.१३

घोषणेत १०५ होतं!

एशियाटिकचा_उंदीर | रविवार, सायंकाळी ६.४०

शांत व्हा. आकडा वाढत गेलाय. १०५ फार काळ तोंडी राहिला, मग १०६ रूढ झाला, आणि अलीकडे सरकारी अभिवादनात १०७ म्हणतात. जखमी होऊन नंतर गेलेले, यादीत उशिरा आलेले, अशी नावं धरत गेले की आकडा हलतो. निबंधात यांपैकी कुठलाही असला तरी मी मुलाला दोष देणार नाही. एकाच निबंधात दोन असले, तर मात्र दोन ठिकाणांहून उतरवलंय आणि मधे स्वतः वाचलेलं नाही.

खरं तर याच्यावरच केवढा सुंदर निबंध झाला असता! "हुतात्मे किती?" मुलानं चौकात जावं, स्मारकावरची नावं मोजावीत, घरी येऊन आजीला विचारावं, पुस्तक काढावं, आणि तीन आकडे का येतात ते लिहावं. इतिहास म्हणजे काय हे त्याला त्या एका दुपारी कळलं असतं.

वडापाव_विथ_चटणी | रविवार, सायंकाळी ६.५२

आणि चर्चगेटला उतरून येताना वडापाव.

नाटकवेडी | रविवार, रात्री ९.३०

उशिरा आले. कलेच्या ११ निबंधांबद्दल कुणीच बोलेना म्हणून.

'राजा हरिश्चंद्र'मधली सुमधुर गाणी वाचून जाम हसले. पण तो विषय असा वाया जावा याचं वाईट वाटलं. दादरच्या मुलाला सांगा की फाळक्यांनी दादरच्याच एका बंगल्यात चित्रपट बनवला, घरातली माणसं कामाला लावली, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक बघायच्या आणि फिल्मही धुवायच्या. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी पहिला खेळ लागला. गाणी यायला पुढं १८ वर्षं लागली. 'आलम आरा' १९३१ ला लागला तोही गिरगावातच, मॅजेस्टिकला. म्हणजे मुका सिनेमाही गिरगावात जन्मला आणि बोलायलाही तिथंच लागला. गाणी हवीत तर ही गंमत लिही की बाळा!

बाकी दहांत काय आहे?

खडू_फळा | रविवार, रात्री १०.१५

बाकी दहांत चार लावणी-तमाशा (पाठ केलेले), दोन गणपतीची सजावट, एक भायखळ्याच्या हत्तीवर. हा शेवटचा बरा आहे. मुलगी राणीच्या बागेत गेली होती, तिथं भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात तो दगडी हत्ती उभा आहे ना, घारापुरीहून आणलेला, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हणतात. तिनं लिहिलंय, "बेटाचं नाव हत्तीवरून पडलं आणि हत्तीच तिथे नाही. म्हणजे ते बेट खोटं बोलतंय का?" मी ३८ दिलेत. आता वाटतं कमी दिले.

साहित्यात एकीनं नारायण सुर्व्यांवर लिहिलंय. 'गिरणी कामगारांचे कवी, योगदान अतुलनीय' इथपर्यंत नेहमीचंच. पण मधेच एक ओळ: "ते पालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि मग तिथेच गुरुजी झाले. आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मग मी पण लिहू काय?" त्या एका ओळीसाठी उरलेला निबंध मी सहन केला.

आणि इतिहासात एक आहे तो माझ्या मते या मुलाच्या तोडीचा. दहावीतली मुलगी, मशीद बंदरला राहणारी. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता, आधी कापूस पेटला, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. हे तिनं वाचून लिहिलंय आणि नीट लिहिलंय. पण सुरुवात अशी आहे: "आमच्या घरात एक पितळेचा डबा आहे. त्याला एक पोचा आहे. तो पोचा काढायचा नाही, असं पणजीने सांगून ठेवलंय." पुढं सगळा स्फोट त्या पोच्यातून येतो. शेवटी तिनं लिहिलंय की एप्रिलमध्ये शाळेत अग्निशमन सप्ताहाचे तक्ते लावतात, तो याच दिवशी का सुरू होतो हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही.

या निबंधाला ४१ आहेत. शुद्धलेखनाच्या चुका चार.

टाचणी | रविवार, रात्री १०.४०

बघा! म्हणजे डबाही असू शकतो आणि शुद्धही लिहिता येतं. मी एवढंच म्हणत होते.

पण साचेवाल्यांचं वाचल्यावर माझंही थोडं हललंय, खोटं का बोलू. एक उपाय सुचवते. निकाल लावायचा तसा लावा. पण त्या मुलाला बोलवा, शेजारी बसवा आणि त्याचाच निबंध त्याच्याकडून शुद्ध लिहवून घ्या. तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. 'गिरनी' का चुकलं, तर घरात तसंच बोलतात म्हणून. ते बोलणं चूक नाही हे आधी सांगा, आणि मग लिहिताना ण कुठला ते सांगा. या क्रमानं. उलट केलंत तर तो परत आजोबांवर लिहिणार नाही, सचिनवर लिहील.

साचेवाला_ज्युनिअर | रविवार, रात्री ११.०२

टाचणीताई, हे पटलं. आमच्या बाईंनी उलट क्रमानं केलं होतं.

काडीपेटी | रविवार, रात्री ११.१०

माझी पैज लागली की नाही ते कुणी सांगत नाही.

खडू_फळा | पुढचा सोमवार, सकाळी ७.४५

काल समारंभ झाला. विचारपूस करणारे निरोप आले म्हणून लिहितेय.

सरांकडे मंगळवारी गेले. आधी हुतात्म्यांचे दोन आकडे दाखवले. सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी वाक्य वाचतो हो, मजकूर वाचायचा राहून जातो." तीस वर्षं ओळखते त्यांना, असं कधी बोलले नव्हते. संपाचं वाक्य सांगितलं तर त्यांचा आधी विश्वासच बसेना. त्यांनी स्वतः दोन फोन केले, एक त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला. त्यानंतर गप्प.

पहिला डब्याच्या पोच्याचा. यावर आमचं एकमत झालं. दुसऱ्यावर खूप वाद झाला आणि शेवटी तो गिरणीच्या निबंधाला दिला, पण सरांनी शुद्धलेखनाचे गुण एकानंही वाढवले नाहीत. मीही आग्रह धरला नाही. हत्ती तिसरा. ४४ वाल्याला बोलावून विचारलं, बाळ, १०५ की १०६? तो म्हणाला, "मॅडम, क्लासच्या नोट्समध्ये तसंच होतं." तेव्हा काडीपेटी, एआय नाही आणि आईही नाही, क्लास. पैज हरलात. मुलगा रडवेला झाला होता. त्याला उंदीरभाऊंचा विषय दिलाय, हुतात्मे किती. म्हणाला, करतो. बघू.

गिरणीवाला मुलगा आजोबांना घेऊन आला होता. पांढरा लेंगा, सदरा, वर टोपी. निबंध वाचून दाखवायचा होता. पोरानं मान वर न करता एका दमात वाचला. "संप आजुन मिटलेला नाही" आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी कागदावरचा लाल गोल पांढऱ्या शाईनं झाकला होता, पण उजेडात दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा माझ्याकडे आले. मला वाटलं गोलाबद्दल विचारणार. म्हणाले, "बाई, तुम्ही तपासला ना? मग एक चूक कशी ऱ्हायली?"

म्हटलं, कुठली?

"तिकीट नंबर. अठराशे त्रेचाळीस हाय. पोरानं चौतीस लिवलंय."

साचेवाला_ज्युनिअर | सोमवार, सकाळी ८.०५

१८४३. नोंद केली.

थर्ड_मॅन | सोमवार, सकाळी ८.३०

पुढच्या वर्षी खेळाचा विषय मी सुचवणार. आणि सचिन चालेल, पण आझाद मैदानावर जाऊन आल्याशिवाय नाही.

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ९.१२

खडू_फळा, मुलांचे मूळ कागद परत दिलेत का? पोच्याच्या डब्याचा निबंध त्या मुलीकडेच राहायला हवा, वाचनालयाच्या कपाटात नको.

खडू_फळा | सोमवार, सकाळी ९.४०

झेरॉक्स वाचनालयात, मूळ कागद मुलांकडे. गिरणीवाल्याचा मात्र माझ्याकडे आहे. शनिवारी चार वाजता तो येणार आहे, वही घेऊन. टाचणी, 'ण'चं सोपं उदाहरण काय देऊ?

टाचणी | सोमवार, सकाळी ९.४४

पाणी. आधी एक ग्लास द्या, मग लिहायला सांगा.